नानांची सतरा नंबरची कॅसेट

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, बावीस वर्षं. समोर आलेल्या पार्टवर विश्वास ठेवायचा नाही हेच माझं काम. गेज लावायचा, मोजायचं, मग सही. त्यामुळे या सदरातले अनुभव मी आजवर चहा पिताना वाचायचे आणि नवऱ्याला ऐकवायचे, "सुनील, हे बघ, अजून एकीला पांढरी साडी दिसली." आता मीच लिहायला बसलेय. हसायचं तर हसा, मीही हसलेच असते.

नाना म्हणजे माझे वडील. दापोडीला एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होते, आणि दर रविवारी सकाळी रेडिओवर अर्ध्या तासाचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम करायचे. रेकॉर्डिंग पुण्याला, बाकी सगळी तयारी आमच्या आकुर्डीच्या दोन खोल्यांत. प्रश्न विचारायचा, सात सेकंद थांबायचं, मग उत्तर सांगायचं. ते सात सेकंद ते टेबलाखाली बोटांवर मोजायचे. घरी सराव चालायचा तेव्हा त्यांच्यासमोर मीच बसायचे. उत्तर आलं की "बरोबर", नाही आलं की "चूक"... पण "चूक" सुद्धा इतक्या प्रेमाने म्हणायचे की राग यायचा नाही.

त्यांची दोन छोटी पुस्तकंही निघाली होती, माहितीची. तिसरं जाडजूड निघायचं होतं. त्याचा कच्चा माल म्हणजे नानांची कार्डं. स्टोअरमध्ये प्रत्येक कप्प्याला एक बिन कार्ड लटकवलेलं असतं, त्यावर कुठला नट किती आला, किती गेला ते लिहितात. छपाईत बिघडलेली असली कार्डं नाना घरी आणायचे आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माहिती लिहायचे. एका कार्डावर एकच गोष्ट, कोपऱ्यात नंबर, खाली ती कुठून मिळाली त्याची नोंद. अशा सेहेचाळीस पेट्या भरल्या होत्या.

त्यात त्यांची एक खोड होती, ती इथे सांगायलाच हवी. माहितीची पुस्तकं काढणारे लोक एकमेकांचं बिनधास्त उचलतात. खरी गोष्ट उचलली तर चोर सापडणार कसा? ती काय, कुठेही मिळते. म्हणून नाना मधूनच एखादी साफ खोटी गोष्ट रचायचे, तिला खोटा संदर्भ जोडायचे आणि बाकीच्या कार्डांत मिसळून द्यायचे. त्याला ते चकवा म्हणायचे. ती गोष्ट दुसऱ्याच्या पुस्तकात दिसली की चोर पकडला गेला. कुठलं कार्ड चकवा, हे फक्त त्यांच्या डोक्यात. "यादी केली तर चोर ती पण नेईल ना," असं त्यांचं म्हणणं.

आणि चोर आला. टेंबे सर. (नाव अर्थातच बदललंय.) स्पर्धा परीक्षांचे क्लास नुकतेच सुरू केले होते त्यांनी, नानांकडे येऊन बसायचे, "नाना, तुम्ही चालताबोलता ग्रंथ आहात" वगैरे. नानांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, आठ दिवस ते हॉस्पिटलात होते, तेव्हा हे महाशय घरी आले. म्हणाले, पुस्तकाचं टायपिंग सुरू करतोय, नानांशी बोलणं झालंय, पेट्या न्यायला टेम्पो आणलाय. आणि वर म्हणाले, "तुझंही नाव छापू आपण, संकलन साहाय्य म्हणून."

पेट्या मी दिल्या. तेवीस वर्षांची होते. नाव छापणार म्हटल्यावर हुरळले. नानांना एक फोन करायचीही अक्कल सुचली नाही मला.

पेट्या पंधरा दिवसांत परत आल्या, जशाच्या तशा. वर्षाने टेंबे सरांचं पुस्तक आलं, जाडजूड. नानांचं नाव नाही, माझं तर नाहीच. नानांनी एका बैठकीत ते चाळलं आणि म्हणाले, "माझे चकवे आहेत यात." वकिलाकडे गेले. पण टेंबे सरांनी निरोप पाठवला... पेट्या काय मी कुलूप फोडून नेल्या का? तुमच्याच घरातून मला दिल्या. वकिलाने हात वर केले.

त्या दिवशी नाना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आई पोळ्या लाटत होती, मी ताटं घेत होते. "पेट्या कोणी दिल्या?"

मी हातातलं ताट पुन्हा पुसायला घेतलं. आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "मी दिल्या."

नानांनी ते खरं मानलं. आरडाओरडा नाही, काही नाही. त्या दिवसापासून ते आईशी थेट बोलायचे बंद झाले. आई दोन हातांवर बसलेली असायची आणि हे मला म्हणायचे, "आमटीत मीठ कमी आहे, सांग तिला." रेडिओ सोडला. पुस्तक रद्दीत टाकलं, कुठले चकवे सापडले ते कोणाला सांगितलं नाही. असं अकरा वर्षं. मग ते गेले. त्या अकरा वर्षांत एकदाही, एकदासुद्धा, मी तोंड उघडलं नाही. आधी भीती वाटायची, मग उशीर झाला असं वाटायचं. माझं लग्न झालं, मोशीला फ्लॅट घेतला, आणि मी सगळा राग टेंबे सरांकडे वळवून मोकळी झाले. तो माणूस तोंडावर आपटलेला मला बघायचा होता. अजूनही खोटं बोलणार नाही — मला सूड हवा होता.

नाना जाऊन नऊ वर्षं झाल्यावर संधी चालून आली. आकुर्डीच्या एका कॉलेजच्या लायब्ररीने नानांचा सगळा संग्रह मागितला. पेट्या, कॅसेट, श्रोत्यांची पोस्टकार्डं, सगळं. वेगळं कपाट, त्यावर नानांचं नाव. मी सुट्ट्या टाकून यादी करायला घेतली. आणि एक दिवस ग्रंथपाल मॅडम मोठ्या खुशीत म्हणाल्या, "उद्घाटनाला टेंबे सर यायला तयार झालेत. त्यांच्याच क्षेत्रातले ना."

आता टेंबे सर म्हणजे चार शाखा, रिक्षांच्या पाठीवर फोटो. त्यांच्या पुस्तकाची नवी आवृत्तीही आली होती. मी नाही म्हणू शकले असते. पण मी म्हटलं, "अवश्य बोलवा."

माझा बेत सरळ होता. स्टेजवर पडदा लावायचा, एका बाजूला नानांचं कार्ड, दुसऱ्या बाजूला त्यांच्या पुस्तकाचं पान. आणि शेवटी चकवा. पण चकवा ओळखायचा कसा? हजारो कार्डं, प्रत्येकावर तेच वळणदार अक्षर, प्रत्येकाखाली संदर्भ. महिनाभर डोळे फोडले. टेंबे सरांचं पुस्तक शेजारी घेऊन बसले, इंटरनेटवर एकेक गोष्ट तपासायला गेले तर अर्ध्या गोष्टींचा इंटरनेटलाही पत्ता नाही. त्या खऱ्या आहेत की नानांनी रचल्यात, कोण सांगणार? शेवटी मी नानांच्या फोटोसमोर उभी राहून चिडून म्हटलं, "एक तर सांगा. एक नंबर सांगा मला."

दरम्यान कॅसेटही ऐकत होते. दापोडीच्या एका दुरुस्तीवाल्याकडून जुना डेक मिळवला होता. कार्यक्रमात ऐकवायला मॅडमनी सतरा नंबरची निवडली, लेबलवर "नद्या" असं लिहिलेली. ती मी तीन वेळा ऐकली, प्रत्येक प्रश्न यादीत टाइप केला. गोदावरीचा उगम कुठे, इंद्रायणी कुठे मिळते, असं सगळं, पोरांना येईल असं. एकच गोष्ट खटकली. तिसऱ्यांदा ऐकताना नाना सात सेकंदांपेक्षा जास्त थांबत होते. मोबाइलवर वेळ लावून बघितला... नऊ, अकरा. डेकचा बेल्ट सैल असेल म्हटलं. बेल्ट सैल झाला तर आवाजही जाड व्हायला पाहिजे, तो झाला नव्हता. हे मला तेव्हा कळत होतं, पण मी यादीत "बेल्ट बदलणे" असं लिहिलं आणि पुढे गेले.

कार्यक्रम शनिवारी सकाळी अकराला. हॉल भरलेला, निम्मी टेंबे सरांच्या क्लासची पोरं. पहिल्या रांगेत आई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, इस्त्रीची साडी नेसून. स्टेजवर टेंबे सर, मॅडम, प्राचार्य. मी कडेच्या टेबलावर डेक आणि माइक घेऊन. पडद्याचा बेत मी सोडून दिला होता, चकव्याशिवाय त्यात दम नव्हता. आतून नुसती जळत होते.

टेंबे सर बोलले. "नाना माझे गुरू... मी जे काही लिहिलं ती त्यांचीच प्रेरणा." टाळ्या. मी आईकडे बघितलं, ती मांडीवरच्या पर्सचा पट्टा गुंडाळत बसली होती. मग मॅडम म्हणाल्या, आता नानांचा आवाज ऐकू या, आणि मी प्ले दाबलं.

"नमस्कार मंडळी. पेन्सिली घ्या हातात." नेहमीसारखंच. हॉल शांत झाला. मग नाना म्हणाले, "पहिला प्रश्न. महाराष्ट्रात एकही कावळा नसलेलं गाव कोणतं?"

मी डेककडे बघितलं. कॅसेट सतराच. लेबल "नद्या".

नाना थांबले. टेंबे सरांसमोरचा माइक चालू होता. ते हसत हसत पुढे झुकले आणि म्हणाले, "घुमटवाडी."

पोरं हसली. मला वाटलं, सर खेळात उतरले म्हणून हसली.

"बरोबर. कार्ड नंबर दोनशे सतरा," नाना म्हणाले. हे "बरोबर" कुठल्याही रेडिओच्या कार्यक्रमात नव्हतं, ते फक्त घरचं होतं. "दुसरा प्रश्न. शिवणकामावरच्या पहिल्या मराठी मासिकाचं नाव?"

"सुईदोरा." टेंबे सरांना स्वतःवर खूश व्हायची सवयच आहे.

"बरोबर. नऊशे चार. तिसरा. बोरघाटातल्या कुठल्या वाफेच्या इंजिनाला गँगमन लोक सासूबाई म्हणायचे?"

"चौदा नंबरच्या." आता हॉलमध्ये खसखस वाढली होती. प्राचार्य सरांकडे वळून बघत होते.

"बरोबर. तीन हजार एकसष्ट." मग नाना थोडे थांबले, आणि त्याच आवाजात, घाई न करता म्हणाले, "टेंबे सर, ही तिन्ही उत्तरं खोटी आहेत. मी बनवलेली. तुम्हाला कुठून मिळाली?"

टेंबे सरांचा चेहरा असा उतरला की काय सांगू. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं मी काहीतरी जोडकाम केलंय. "बंद करा ते," म्हणाले. मी हात मांडीवर ठेवून बसले. बंद करायचं मला सुचलं नाही असं नाही. मला बंद करायचं नव्हतं. वीस वर्षं मी याचीच वाट बघत होते. "कुठून मिळाली सर, सांगा ना," असं मी मनात म्हणत होते, आणि नाना थांबलेले. सात सेकंद गेले, दहा गेले, जास्तच गेले. टेंबे सर माइकसमोर तोंड उघडं टाकून बसले होते, आणि घाम पुसायलाही त्यांचा हात वर येत नव्हता.

"उत्तर आलं नाही," नाना म्हणाले. "शेवटचा प्रश्न. पेट्या कोणी दिल्या?"

आता मात्र माझा हात स्टॉपच्या बटणावर गेला. दाबलं. ते खाली जाईना. दोन्ही अंगठे लावून दाबलं तरी जाईना.

पहिल्या रांगेत आई उभी राहिली होती. माइकची गरज नव्हती तिला. "मी दिल्या," ती म्हणाली. वीस वर्षांपूर्वी म्हणाली होती तशीच.

"चूक," नाना म्हणाले.

आणि थांबले. टेपची खरखर तेवढी चालू. किती वेळ ते सांगू शकत नाही, पण मला कळत होतं की आता ते पुढे बोलणार नाहीत. कॅसेट संपणार नाही, काही नाही. माझ्यासमोरचा माइक चालू होता.

"मी दिल्या, नाना," मी म्हटलं.

खरखर तशीच. मी कान लावून बसले होते. बरोबर म्हणतील... एवढं तरी म्हणतील. मग अर्ध्या वाक्यातून आवाज आला, "—आणि भीमा शेवटी कुठल्या नदीला मिळते?" मी पुन्हा स्टॉप दाबलं. बटण सहज खाली गेलं.

आता पुढचं ऐका. टेंबे सर उठून तडक डेकपाशी आले, कॅसेट काढायला लावली, मॅडमच्या केबिनमध्ये सगळ्यांसमोर पहिल्यापासून लावली. नद्या. नुसत्या नद्या. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अहो, आत्ताही नद्याच चालू होत्या. सर असं काय बोलत होते? आणि तुम्ही, आई... बरं वाटत नाहीये का?"

पोरांनी मोबाइलवर शूटिंग केलेलं होतं. मी चार वेगवेगळ्या पोरांकडून मागवून घेतलं. चारही क्लिपमध्ये तेच. नाना विचारतात, गोदावरीचा उगम कुठे, आणि टेंबे सर ऐटीत सांगतात, "घुमटवाडी." नाना विचारतात, कोयना कुठे मिळते, आणि हे म्हणतात, "सुईदोरा." मग ते एकदम घाबरतात, आई उभी राहते, मग मी. म्हणजे हॉलमध्ये त्या दिवशी तो दुसरा कार्यक्रम फक्त तिघांनी ऐकला. सरांनी, आईने आणि मी.

क्लिप फिरली. गोदावरी घुमटवाडीला उगम पावते म्हणून लोक पोट धरून हसले. मग त्यांच्याच क्लासमधल्या कोणीतरी नवी आवृत्ती उघडली... कावळा नसलेलं गाव, घुमटवाडी. असं गावच नाही हो कुठे. मी लायब्ररीत जाऊन कार्डं काढली. दोनशे सतरा, नऊशे चार, तीन हजार एकसष्ट. तिन्ही मी स्वतः यादीत टाइप केलेली, तिन्ही बाकीच्यांसारखीच साधी. फक्त घुमटवाडीचा संदर्भ शोधायला गेलं तर ज्या पुस्तकाचा दिलाय ते पुस्तकच नाही. बाकी दोन्हींचंही तेच. या वेळी वकिलाने हात वर केले नाहीत. टेंबे सर मला भेटायला कंपनीच्या गेटवर आले होते. म्हणाले, "तुम्ही ती टेप कशी केली तेवढं सांगा, बाकी सगळं मान्य करतो." तोंड पार सुकलेलं. मला दया यायला हवी होती बहुतेक. नाही आली. पुढच्या आवृत्तीवर नानांचं नाव पहिलं असेल, तसं सहीनिशी लिहून घेतलंय.

कोणी म्हणेल, तिघांना एकच भास झाला. होईल? आणि भासात कार्डांचे अचूक नंबर सांगितले जातात? टेंबे सरांना वीस वर्षांपूर्वी पाहिलेले नंबर आठवणं शक्यच नव्हतं, आईला वाचायचा चष्माही मी लावून देते. उरले मी. मी टाइप केले होते, कुठेतरी डोक्यात राहिले असतील... हे मी स्वतःला बरेचदा समजावलंय. पण मग टेंबे सरांनी ते प्रश्न कसे ऐकले? बटण का अडकलं? डेक त्या दुरुस्तीवाल्याकडे परत नेला. त्याने उघडून बघितला. "ताई, एकदम चोख आहे," म्हणाला. मी क्वालिटीची बाई, मला रिपोर्टमध्ये कारण लिहायची सवय. इथे रकाना रिकामा आहे.

आणि एक राहिलं, जे मी सुनीललाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी घरी आल्यावर आई बराच वेळ साडीही न बदलता बसून होती. चिडली असेल म्हणून मी पाणी घेऊन गेले. तर चेहरा हसरा. "अकरा वर्षं नाही बोलले माझ्याशी," म्हणाली. "आज बोलले. चार लोकांत चूक म्हणाले. बरं वाटलं गं."

मी तिच्या पायाशी बसले. म्हटलं, "आई, तुला माहीत होतं ना मी दिल्या ते?"

"मी ओट्यापाशीच होते की. टेम्पोवाल्याला चहा मी दिला."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले." तिने ग्लास खाली ठेवला. "ते होते तोवर थांबले. ते गेल्यावर म्हटलं, आता तरी मला एकटीला म्हणशील, आई चुकलं. नऊ वर्षं तुझ्याच घरात राहतेय मी. आज बोललीस. ते पण मेलेल्या माणसाने येऊन विचारलं म्हणून."

मग ती साडी बदलायला आत गेली. तेव्हापासून आमचं सगळं नेहमीसारखं चालू आहे. ती बोलते, हसते, नातवाला रागावते. मी कंपनीतून आले की एकत्र चहा घेतो. माफ कर हा शब्द रोज माझ्या तोंडापर्यंत येतो आणि रोज ती कप उचलून विसळायला निघून जाते.